विश्लेषण : पिकअपचे ‘नाक वर’ करण्याची किंमत कोण मोजते?

रिकामी पिकअप पुढून झुकलेली दिसते. म्हणून पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर चढवून किंवा उंच बैठकीचे शॉक लावून ती ‘लेव्हल’ करून घेण्याचा मोह अनेक मालकांना होतो. मात्र हा झुकाव कंपनीकडून राहून गेलेली चूक नाही. ती मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे. ही जागा दिसण्यासाठी वापरून टाकली तर काय होते, खड्डे आणि पाण्यावर हा उपाय खरोखर चालतो का, आणि कायदा याकडे कसा पाहतो, याविषयी...

पिकअपचे नाक खाली का असते?

मुंबईच्या उपनगरांचा रोजचा व्यवहार पिकअपवर चालतो. वाशीच्या बाजार समितीतून पहाटे निघालेली भाजी मुलुंड-घाटकोपरला येते ती याच गाड्यांतून. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातले कपाट बोरिवलीच्या इमारतीखाली उतरते तेही यांच्याच हौद्यातून. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली आणि ‘छोटा हत्ती’ हे नाव घरोघरी पोहोचले. बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त, टाटा इंट्रा या गाड्यांनी पुढे हे काम वाटून घेतले. २०१६ मध्ये इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स आल्यानंतर कामाबरोबर हौस म्हणूनही पिकअप घेणारा एक वर्ग तयार झाला.

या सगळ्या गाड्यांची मूळ अडचण एकच. गाडीच्या पुढच्या भागावर इंजिन आणि चालक यांचे वजन असते आणि ते दिवसभर फारसे बदलत नाही. मागच्या चाकांवरचे वजन मात्र जवळजवळ शून्यापासून टनापलीकडे जाते. बोलेरो पिकअपच्या काही प्रकारांची नावेच १.३ टन, १.७ टन अशी वहनक्षमतेवरून पडली आहेत. एवढे ओझे पेलायचे तर मागचे पाटे कडक आणि उंच कमानीचेच ठेवावे लागतात. गाडी रिकामी असली की ते पाटे ताणून उभे राहतात, मागचा भाग वर जातो आणि पुढचा भाग खाली दिसतो. माल भरला की पाटे दबतात, मागचा भाग खाली बसतो आणि गाडी सपाट होते.

म्हणजे गाडी ‘लेव्हल’ असतेच, फक्त ती भरलेली असताना. रिकामी असताना दिसणारा झुकाव ही आगाऊ केलेली तजवीज आहे. शोरूमच्या दारात उभी असलेली गाडी पाहून तिला दोष देणे म्हणजे सकाळी रिकामा डबा पाहून तो मोठा आहे असे म्हणण्यासारखे आहे.

‘लेव्हल’ करतात म्हणजे नेमके काय करतात?

पद्धत गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनवर ठरते. व्ही-क्रॉस आणि हायलक्ससारख्या गाड्यांत पुढे कॉइल स्प्रिंग आणि तिच्या पोटातून जाणारा शॉक असा जोड असतो. त्याच्या वरच्या टोकाला, चॅसी आणि शॉकच्या मध्ये धातूची किंवा कडक प्लास्टिकची चकती बसवतात. हाच स्पेसर. हा जोड चाकाजवळ नसून खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असतो, त्यामुळे चकती जितकी जाड त्याच्या जवळजवळ दुप्पट उंची चाकाशी मिळते. अर्ध्या इंचाच्या चकतीने गाडी इंचभर वर येते ती अशी. ‘एवढीशी तर चकती आहे’ असे म्हणणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

दुसरा प्रकार स्प्रिंगच्या आतल्या स्पेसरचा. यात स्प्रिंग आधीच जास्त दाबून बसवली जाते. शॉकची लांबी तीच राहते, पण तो आपल्या वरच्या मर्यादेच्या जवळ जाऊन काम करू लागतो. खड्ड्यात चाक खाली जायला जागा उरत नाही आणि ‘टक’ असा आवाज येतो.

टाटा झेनॉनसारख्या काही गाड्यांत पुढे टॉर्शन बार असतो. तिथे स्पेसर लागत नाही, बोल्ट आवळला की उंची वाढते. टाटा एससारख्या छोट्या गाड्यांत पुढेही पाटेच असतात. तिथे पाटा वाढवतात किंवा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये ठोकळा घालतात. पुढच्या अ‍ॅक्सलवर ठोकळा घालणे हा यातला सर्वांत धोक्याचा प्रकार. ब्रेक मारताना पुढच्या चाकांवर सर्वाधिक जोर येतो आणि तो ठोकळा नेमका त्याच जोराच्या वाटेत उभा असतो.

नवे शॉक लावले की उंची वाढते का?

बहुतेक वेळा नाही. गाडीचे वजन स्प्रिंग किंवा पाटे पेलतात. शॉकचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे. साधा शॉक हाताने दाबला तर दबतो आणि त्यावर गाडी उभी राहू शकत नाही, हे कोणीही मेकॅनिक दाखवून देईल. गॅसच्या दाबाचे शॉक किंचित उचल देतात, पण ती नजरेत भरण्याइतकी नसते. काही आयात केलेल्या शॉकवर स्प्रिंगची खालची बैठक वर-खाली सरकवण्यासाठी खाचा असतात. तिथे उंची वाढते, पण ती बैठक सरकवल्याने वाढते, शॉक भारी आहे म्हणून नव्हे.

हा फरक महत्त्वाचा अशासाठी की उपनगरांतल्या अनेक पिकअपना खरोखर नव्या शॉकची गरज असते. शॉकच्या नळीवर तेलाचा ओघळ, गतिरोधक ओलांडल्यावर तीन-चार वेळा होणारी उसळी, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खोलगट डाग ही शॉक संपल्याची लक्षणे. अशा गाडीला कंपनीने सांगितलेल्या मापाचे नवे शॉक आणि रबरी बुश बसवले की ती पुन्हा रस्त्याला धरून चालते. मालक मात्र ‘पुढून बसली आहे’ म्हणत येतो आणि संपलेल्या शॉकवर स्पेसर चढवून जातो. दुखणे तसेच राहते, वर उंची वाढते.

खड्डे आणि पावसाचे पाणी यांवर हा उपाय आहे का?

स्पेसरचे समर्थन बहुधा याच दोन कारणांनी होते, आणि ती कारणे खोटी नाहीत. पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड किंवा एलबीएस मार्ग ज्याने मालासह ओलांडला, त्याला सस्पेन्शनची किंमत सांगावी लागत नाही. २०२३ पासून महापालिकेने सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचे काम हाती घेतले. पण जिथे नवे काँक्रीट संपते आणि जुना डांबरी रस्ता किंवा पेव्हर ब्लॉकचा पट्टा सुरू होतो, तिथली पायरी चाकांना चांगलीच जाणवते.

मात्र खड्ड्यात गाडी वाचते ती चाकाला खाली-वर होण्यासाठी किती जागा आहे यावर. बहुतेक स्पेसर ही जागा वाढवत नाहीत, तिची वाटणी बदलतात. चाक वर येण्याची जागा थोडी वाढते, खाली जाण्याची तेवढीच कमी होते. खड्ड्यात चाक आधी खाली जाते, हे लक्षात घेतले तर हा सौदा कोणाच्या फायद्याचा हे कळते.

दुसरा मुद्दा जमिनीपासूनच्या उंचीचा. पिकअपचा सर्वांत खाली असलेला भाग बहुतेक वेळा पुढे नसतोच. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा हा तो भाग. तो थेट चाकांना जोडलेला असतो, म्हणून त्याची उंची फक्त टायरच्या मापावर ठरते. पुढे स्पेसर घालून तो मिलिमीटरभरही वर येत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी लागते. असा गतिरोधक कोणतीही पिकअप आहे त्या उंचीवर सहज ओलांडते. गल्लीच्या तोंडाशी रातोरात घातलेला उभा, अरुंद उंचवटा ही रस्त्याची चूक आहे. तिची दुरुस्ती रस्त्यावरच व्हायला हवी.

पाण्याचेही तसेच. अंधेरी सबवे भरतो तेव्हा पाणी फुटांत मोजले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ट्रकही उभे राहिले होते. पुढून ४० मिलिमीटर उचललेली गाडी त्या पाण्यात वेगळी ठरत नाही. उलट ‘आपली गाडी उंच आहे’ हा विश्वास चालकाला जिथे जायला नको तिथे नेतो.

मग खरा धोका कुठे आहे?

दिव्यांत. हा भाग गॅरेजमध्ये सर्वांत कमी बोलला जातो आणि रस्त्यावर सर्वांत जास्त भोगला जातो.

डिपरचा प्रकाश सरळ पुढे जात नाही. तो थोडा खाली झुकवलेला असतो. साधारण प्रमाण १ टक्का, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर प्रकाशाची वरची कड ५० मीटरवर जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर येते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत ती पोहोचत नाही.

आता पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर सुमारे ३ मीटर धरू आणि पुढचा भाग ४० मिलिमीटरने उचलू. गाडी १.३ टक्के मागे कलते. दिव्याला दिलेला १ टक्क्याचा झुकाव पूर्ण खाऊन प्रकाश किंचित वर जाऊ लागतो. ५० मीटरवर त्याची कड आता ४० सेंटिमीटरऐवजी सुमारे १ मीटर १० सेंटिमीटरवर असते. कारचालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. आणि ही गाडी अजून रिकामी आहे.

हौद्यात माल भरला आणि मागचा भाग ६० मिलिमीटरने दबला की आणखी २ टक्के कल वाढतो. त्याच ५० मीटरवर प्रकाशाची कड २ मीटरच्या वर जाते. थोडक्यात, चालकाने डिपर लावला आहे, पण समोरच्याला तो अपरच दिसतो. टाटा एससारख्या आखूड गाडीत चाकांमधले अंतर कमी असल्याने तेवढ्याच उंचीला हा कोन आणखी वाढतो.

याची दुसरी बाजू चालकाच्या स्वतःच्या अंगावर येते. प्रकाश वर गेला की गाडीच्या पुढ्यातला रस्ता अंधारात जातो. ज्या खड्ड्यासाठी स्पेसर घातला, तोच खड्डा रात्री उशिरा दिसतो.

कंपनीने मालाचा विचार केलेला असतो. म्हणून अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर दिवे खाली करण्याची छोटी चकती दिलेली असते. माल भरला की ती फिरवायची आणि प्रकाश खाली आणायचा. स्पेसर लावल्यावर त्या चकतीची बरीचशी हद्द रिकाम्या गाडीसाठीच संपते. माल भरल्यावर फिरवायला फार काही उरत नाही. त्यात कंपनीच्या दिव्यांऐवजी बाजारातले पांढरेशुभ्र एलईडी बल्ब घातले असतील, तर समोरच्या दुचाकीस्वाराला काही क्षण रस्ताच दिसत नाही. पूर्व द्रुतगती मार्गावर दुभाजकापलीकडून येणाऱ्या अशा झोताने डोळे मिटणारा माणूस पिकअपच्या मालकाला कधी भेटत नाही. म्हणून ही किंमत मालकाच्या हिशेबात धरली जात नाही.

मागे पाटे वाढवले तर?

इथे एक चक्र सुरू होते. भाडे सुटू नये म्हणून क्षमतेपेक्षा जास्त माल भरला जातो. मागचा भाग फार बसतो म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवले जातात. पाटे वाढले की रिकामी गाडी मागून आणखी उंच होते आणि पुढून आणखी झुकलेली दिसते. मग पुढे स्पेसर घातला जातो. पुढे उंची मिळाली की भरलेली गाडी नाक वर करून चालू लागते आणि पुन्हा मागे पाटा चढतो.

या चक्रात ब्रेक गोत्यात येतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो चॅसी आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर पाहून माल किती आहे याचा अंदाज घेतो. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, मग मागच्या चाकांना कमी ब्रेक. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, मग जास्त ब्रेक. पाटे वाढवले की माल भरूनही अंतर कमी होत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि टनभर माल घेऊन घोडबंदरच्या उतारावर उतरणाऱ्या गाडीला मागून हवा तेवढा ब्रेक मिळत नाही. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात. हे घडते तेव्हा पाटा वाढवून महिना उलटलेला असतो आणि कोणालाही तो पाटा आठवत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कडकपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. जादा माल भरल्यास कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे.

कागदावर हे पुरेसे वाटते. अडचण अशी की गाडी पुढून जमिनीपासून किती उंच आहे हे नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेलेच नसते. बदल म्हणजे गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला फेर, असे कलम ५२ चे स्पष्टीकरण सांगते. २० मिलिमीटरचा स्पेसर त्यात बसतो का? ६० मिलिमीटरचा? याचे उत्तर मिलिमीटरमध्ये कुठेही दिलेले नाही. त्यामुळे अंधेरी (एमएच-०२), वडाळा (एमएच-०३) किंवा बोरिवली (एमएच-४७) या कार्यालयांच्या हद्दीत एखाद्या गाडीवर कारवाई झालीच, तर ती मोजमापावर होत नाही, पाहणाऱ्याच्या नजरेवर होते. नजरेवर चालणारा कायदा चालकाला भीती देतो, शिस्त देत नाही.

विम्याचा प्रश्न वेगळाच. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दाव्यावर वाद होऊ शकतो. कर्जाच्या हप्त्यावर घेतलेल्या गाडीसाठी हा वाद दंडापेक्षा महाग पडतो.

इतर देशांत काय केले जाते?

अमेरिकेत पिकअप पुढून उचलण्याच्या तयार संचांचा मोठा बाजार आहे. तिथे बहुतेक पिकअप रोज रिकाम्याच फिरतात, हे त्याचे एक कारण. पण नाक फारच वर करून चालवण्याची टूम निघाली, तेव्हा नॉर्थ कॅरोलायना राज्याने डिसेंबर २०२१ पासून नियम लागू केला : पुढच्या फेंडरची उंची मागच्या फेंडरपेक्षा ४ इंच किंवा अधिक असता कामा नये. त्यानंतर व्हर्जिनिया आणि साऊथ कॅरोलायना या राज्यांनीही असे कायदे केले. हा नियम तपासायला पोलिसाला फक्त मोजपट्टी लागते.

ऑस्ट्रेलियात राज्यागणिक आकडे वेगळे आहेत, पण रीत तीच आहे. ठरावीक मिलिमीटरपर्यंतची वाढ चालते, त्यापुढे अधिकृत अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. ‘सगळे बंद’ आणि ‘सगळे चालते’ यांच्या मधला हा मार्ग आहे.

भारतातही तो काढता येईल. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्येच केंद्र सरकारला वाहनातील बदलांसाठी निकष, मंजुरीच्या अटी आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार दिला आहे. तो सस्पेन्शनसाठी वापरून मिलिमीटरमध्ये मर्यादा घालून देणे, ही या प्रश्नातली सर्वांत सोपी सुधारणा आहे.

मग पिकअप पुढून उचलूच नये का?

दोन प्रकारच्या मालकांना दोन उत्तरे द्यावी लागतात.

ज्याची गाडी भाड्यावर चालते, त्याने स्पेसरच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या गाडीचे पैसे मिळवणारे किलोमीटर मालासह होतात आणि माल भरल्यावर त्याची गाडी कंपनीने सपाट करूनच दिली आहे. पुढून खरोखर बसली असेल तर ते मोजून पाहता येते. गाडी रिकामी, सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा. चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजायचे आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडून पाहायचे. फरक असेल तर स्प्रिंग, पाटे किंवा बुश थकले आहेत. ते मूळ मापाचे नवे घालायचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग घेताना स्वस्त चकतीऐवजी योग्य क्रमांकाची स्प्रिंग मागितली, तर खर्च एकदाच होतो.

ज्याची व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घरची आहे आणि हौदा वर्षातले बहुतेक दिवस रिकामा असतो, त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अगदीच चुकीचे नाही. पुढे थोडी उचल दिल्याने अशा गाडीचे आभाळ कोसळत नाही. पण ती त्या मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि शॉकच्या संचाने द्यावी, चकतीने नव्हे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचा कोन वाढतो आणि त्यांची रबरी आवरणे लवकर फाटतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. आणि कायद्याचा धूसरपणा त्यालाही लागू आहे. बदल कागदावर नोंदवण्याची सोय नसेल, तर जोखीम त्याचीच राहते.

दोघांसाठीही एक चाचणी सारखीच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. रात्री सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करायची आणि डिपर लावायचा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खूण करायची. प्रकाशाची वरची कड त्या खुणेच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. ती खुणेवर किंवा त्याच्या वर असेल, तर गाडी समोरच्याचे डोळे दिपवते आहे. दिव्यामागचा स्क्रू फिरवून ती खाली आणता येते. माल भरूनही एकदा हीच चाचणी करावी.

जबाबदारी कोणाची?

दोष फक्त चालकावर टाकणे सोपे आहे. तो रोज ज्या रस्त्यांवरून माल नेतो, तिथले खड्डे त्याने पाडलेले नाहीत. बेकायदा गतिरोधक त्याने घातलेले नाहीत. जादा माल भरण्याचा आग्रह बहुतेक वेळा माल देणाऱ्याचा असतो आणि दंडाची पावती चालकाच्या हाती येते. महापालिकेने रस्त्यांवरच्या पायऱ्या आणि मनमानी उंचवटे काढले, तर स्पेसरचे अर्धे समर्थन आपोआप गळून पडेल.

पण उरलेले अर्धे हौसेचे आहे आणि तिथे परिवहन विभागाला बोलावे लागेल. व्यावसायिक पिकअपला ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्रासाठी जावेच लागते. त्या तपासणीत दिव्यांच्या झोताची पाहणी अपेक्षितच आहे. ती रिकाम्या गाडीवर उरकण्याऐवजी मालाच्या वजनाखालीही झाली, आणि पुढच्या-मागच्या फेंडरची उंची त्याच वेळी मोजून नोंदवली गेली, तर पुढच्या वेळी फरक दाखवायला कागद हाती असेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. मोजपट्टी, भिंतीवरची खूण आणि एक रकाना पुरेसा आहे.

स्वतःच्या गाडीची काळजी घेणाऱ्या माणसाला तिचे नाक उंच असावे असे वाटणे समजू शकते. पहिली गाडी, डोक्यावर हप्ता, पुढच्या काचेवर आईचे नाव. ती रुबाबात उभी राहावी ही इच्छा कमी लेखण्यासारखी नाही. पण पिकअपचा रुबाब तिच्या उभे राहण्यात नाही, ओझे घेऊन सरळ चालण्यात आहे. रिकामी असताना ती थोडी झुकते, कारण भरल्यावर तिला ताठ चालायचे असते. झुकण्याची ती जागा तिच्याकडून काढून घेतली, तर तिची किंमत रात्री समोरून येणारा अनोळखी दुचाकीस्वार मोजतो.